‘द ज्युएल इन द क्राऊन’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका मी तीनदा पाहिली आणि दरवेळी आणखी कुणाच्या तरी गळ्यात मारली. त्यामुळे ठरावीक भाग झाला की ठरावीक प्रश्न येणार, हे आता पाठ झालंय. उत्तरं एकदाची लिहून काढतो. काही उत्तरांत कथेचा उलगडा होतो. ज्यांना तो नको असेल त्यांनी पहिले तीन-चार प्रश्न वाचून थांबावं आणि मालिका संपली की परत यावं.

आहे तरी कशावर ही मालिका?

वरवर पाहिलं तर इंग्रजी अमदानीच्या शेवटच्या पाच वर्षांवर. गोष्ट सुरू होते १९४२ मध्ये, म्हणजे ‘चले जाव’च्या ठरावाच्या वर्षात, आणि संपते ऑगस्ट १९४७ मध्ये. मयापूर नावाच्या गावात डॅफ्नी मॅनर्स ही इंग्रज मुलगी आणि हरी कुमार हा भारतीय तरुण एकमेकांच्या प्रेमात पडतात. ९ ऑगस्टच्या रात्री बीबीघर नावाच्या बागेत काही अनोळखी माणसं डॅफ्नीवर अत्याचार करतात. पोलीस अधिकारी रोनाल्ड मेरिक संशय घेतो तो थेट हरीवर. त्या एका रात्रीचे पडसाद मग चौदा भाग उमटत राहतात.

तरी कुणी मला एका वाक्यात सांगा म्हणालं, तर मी प्रेमकथा म्हणणार नाही. एका शाळासोबत्याने दुसऱ्या शाळासोबत्याकडे पाहिलं आणि त्याला तो दिसलाच नाही, त्याची ही गोष्ट आहे असं सांगेन.

कधीची, किती भागांची, कुणी केली?

ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने. जानेवारी ते एप्रिल १९८४ या काळात आयटीव्हीवर दाखवली गेली. एकूण १४ भाग, त्यातला पहिला दुप्पट लांबीचा. दिग्दर्शक दोन, क्रिस्टोफर मोराहन आणि जिम ओब्रायन. पटकथा केन टेलर यांची, संगीत जॉर्ज फेंटन यांचं. आधार पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांचा. त्या १९६६ ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाल्या. स्कॉट १९७८ मध्ये गेले, त्यामुळे मालिका पाहायला ते नव्हते. पुरस्कारांची यादी मोठी आहे. बाफ्टामध्ये टिम पिगॉट-स्मिथ आणि पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट दोघांनाही मिळाले, अमेरिकेत १९८५ चा एमी मिळाला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००० साली सर्वोत्तम शंभर ब्रिटिश कार्यक्रमांची यादी काढली, तिच्यात ही २२ व्या क्रमांकावर होती.

आधी कादंबऱ्या वाचाव्या लागतील का?

नाही. उलट मालिका आधी पाहिलीत तर बरं. कादंबऱ्यांत तीच घटना पाच जणांच्या तोंडून पाच वेळा येते. आज पत्रातून, उद्या जबानीतून, परवा कुणाच्या डायरीतून. केन टेलरने सगळा गुंता सोडवून तारखेनुसार सरळ मांडला. यात थोडं गमावलंय, पण मालिका बघून झाल्यावर पुस्तक हातात घेतलंत तर वाट चुकणार नाही.

मयापूर, पंकोट, मिरत ही गावं नकाशावर सापडत नाहीत.

सापडणार नाहीत, ती काल्पनिक आहेत. मयापूर हे छावणीचं गाव, पंकोट हे थंड हवेचं ठिकाण, मिरत हे नबाबाचं संस्थान. चित्रीकरण मात्र खरोखर भारतात झालं, म्हैसूर, उदयपूर आणि सिमल्याला. नावं खोटी असली तरी गावाची मांडणी शंभर टक्के खरी आहे. नदीच्या अलीकडे सिव्हिल लाइन्स, क्लब, चर्च, मैदान. पलीकडे बाजार, देऊळ आणि ‘नेटिव्ह’ वस्ती. मध्ये पूल. पुण्याचा कॅम्प आणि पेठा ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळा नकाशा लागणार नाही. पहिल्या भागाच्या नावातच नदी ओलांडणं आहे.

हरी कुमारला हिंदी कसं येत नाही? आणि तो असा तुटक का वागतो?

कारण तो हरी कुमार नाहीच, तो हॅरी कूमर आहे. वडील दुलीप कुमार यांना इंग्रज होण्याचा ध्यास. ते स्वतःला जमलं नाही, म्हणून दोन वर्षांच्या पोराला विलायतेला नेलं आणि इतकं साहेबी वाढवलं, की डोळे मिटून ऐकलं तर समोर गोरा साहेबच बोलतोय असं वाटावं. चिलिंगबरो नावाच्या बड्या शाळेत तो शिकला. तिथे क्रिकेट खेळला, सुट्ट्या मित्राच्या घरी काढल्या. मग वडिलांचं दिवाळं निघालं, त्यांनी जीव दिला, आणि अठराव्या वर्षी हा मुलगा मयापूरला, विधवा शालिनी आत्याच्या घरी येऊन पडला. ती जीव लावते. पण तिचं घर, जेवण, नातेवाईक, सगळंच त्याला परकं. भाषा कळत नाही, वास सहन होत नाहीत, आणि पुलाच्या पलीकडे क्लबात त्याला प्रवेश नाही.

तुटक म्हणाल तर आहेच. काही जण त्याला सरळ शिष्ट म्हणतात. मीही पहिल्यांदा म्हटलं होतं. पण त्याच्यापाशी उरलंय काय, तर ते उच्चार. तेवढे तो सोडत नाही. आर्ट मलिक हा नट जन्माने बहावलपूरचा, पण लहानपणीच लंडनला गेलेला. त्यामुळे त्याच्या तोंडून ती भाषा घासूनपुसून आलेली वाटत नाही, आतून येते.

कॉलिन लिंडसे कोण? तो दोनच मिनिटं तर दिसतो!

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. इथून पुढे कथा उघडी पडणार आहे, वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

कॉलिन हा हरीचा चिलिंगबरोतला जिवलग. हरी ज्या घरी सुट्टीला जायचा ते घर लिंडसे कुटुंबाचं. हरीवर आभाळ कोसळलं तेव्हा, त्याला विलायतेतच राहता यावं म्हणून कॉलिनच्या वडिलांनी हात पुढे करावा अशी आशा होती. त्यांनी तो केला नाही. तरी मैत्री पत्रांवर टिकली. मयापूरच्या त्या कोंडवाड्यात कॉलिनची पत्रं म्हणजे हरीचा श्वास होता. पुढे युद्ध आलं, कॉलिन सैन्यात गेला आणि त्याची पलटण भारतात आली. हरीला वाटलं, आता भेटेल.

मग तो मैदानावरचा प्रसंग. क्रिकेटचा सामना चालू आहे. साहेब लोक एका अंगाला, दुसऱ्या अंगाला बघे नेटिव्ह. हरी त्या गर्दीत आहे. गणवेशातला कॉलिन समोर येतो. दोघांत काही पावलांचं अंतर. कॉलिनची नजर हरीवरून जाते, आपण गर्दीवरून नजर फिरवतो तशी, कुठेही न अडखळता. पुढे सरकते. बस, एवढंच.

मी पहिल्यांदा पाहताना नेमका चहा टाकायला उठलो होतो, आणि हा प्रसंग मला दिसलाच नाही. पुढे सहा भाग ‘याला झालंय तरी काय’ असं म्हणत बसलो. दुसऱ्यांदा पाहताना कळलं.

पण कॉलिनने ओळखलं नाही, की ओळख दाखवली नाही?

मालिका सांगत नाही, आणि तेच तिचं शहाणपण. ओळखून टाळलं असेल तर तो भेकड. त्याला शिव्या घालून मोकळं होता येतं. पण बहुधा त्याने ओळखलंच नाही. शाळेत बरोबरीने वाढलेला चेहरा, पण भोवतीची माणसं बदलली, अंगावरचे कपडे बदलले, आणि कॉलिनला फक्त एक काळा माणूस दिसला. यात द्वेष नाही, शिवी नाही, मारहाण नाही. वर्णभेदाबद्दल मी पुष्कळ पाहिलं-वाचलंय, पण तो इतक्या सौम्यपणे, इतक्या निर्दोष चेहऱ्याने होताना क्वचित पाहिला. हरीच्या हिशेबी त्या क्षणापासून तो गोऱ्यांसाठी अदृश्य झाला.

त्या रात्री तो कधी नव्हे ती गावठी पितो आणि शुद्ध हरपून पडतो. सिस्टर लुडमिला, रस्त्यावरचे बेवारस आजारी आणि मरणासन्न उचलून आणणारी बाई, त्याला आपल्या आश्रमात नेते. सकाळी तो नळावर तोंड धुतोय, आणि एका फरारी कैद्याच्या शोधात आलेला मेरिक त्याला पाहतो. मेरिक हिंदुस्थानीत दरडावतो, हरी आपल्या उंची इंग्रजीत उत्तर देतो. मेरिकला ते उच्चार ऐकू येतात आणि दोघांचंही नशीब त्या नळापाशी ठरतं. म्हणजे क्रम लक्षात घ्या. कॉलिनच्या नजरेला हरी दिसला नाही, म्हणून तो मेरिकच्या नजरेत आला.

कॉलिनचं काम करणारा मुलगा कुठे तरी पाहिलाय...

पाहिला असणारच, तो करण कपूर. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांचा मुलगा, आणि त्या काळात बॉम्बे डाइंगच्या जाहिरातींत झळकलेला चेहरा. भारतीय मित्राला न ओळखणाऱ्या सोनेरी केसांच्या इंग्रजाची भूमिका अर्ध्या पंजाबी, मुंबईत वाढलेल्या पोराने केली आणि कुणाला संशयही आला नाही! रंगाबद्दल चौदा भाग जे सांगू पाहतात ते या निवडीत आपसूक आलंय. दिग्दर्शकाच्या डोक्यात हे होतं की नाही, कोण जाणे.

मेरिक नुसता खलनायक आहे का?

खलनायक आहेच. अटकेत हरीचे जे हाल तो करतो ते विसरण्यासारखे नाहीत. पण त्याला शिंगं लावून मोकळं होता येत नाही. मेरिक खालच्या थरातून, साध्या शाळेतून आलेला. विलायतेत राहिला असता तर चिलिंगबरोवाल्यांनी त्याला दारातही उभं केलं नसतं. भारतात त्याला ‘साहेब’ करतो तो त्याचा रंग, बाकी काही नाही. आणि इथे त्याच्यासमोर एक काळा पोरगा उभा, ज्याची भाषा त्याच्यापेक्षा वरच्या दर्जाची! मेरिकचं सगळं तत्त्वज्ञान त्या क्षणी डळमळतं. रंग हाच खरा भेद, बाकी मैत्री, दया, उदारपणा हा बड्या घरच्यांचा दांभिकपणा, असं तो मानतो. अडचण अशी, की कॉलिनचं वागणं पाहिलं तर मेरिकच्या म्हणण्यात तथ्य निघतं.

शिवाय तो शूर आहे. पोलीस सोडून सैन्यात जातो. इंफाळच्या आघाडीवर पेटलेल्या जीपमधून टेडी बिंगहॅम या सहकारी अधिकाऱ्याला ओढून काढताना स्वतः भाजतो आणि डावा हात गमावतो. आपल्याला त्याचा तिरस्कार करायचा असतो आणि मालिका तो सुखासुखी करू देत नाही. टिम पिगॉट-स्मिथने त्याचं ताठ चालणं आणि शब्द चावून बोलणं असं उभं केलंय, की पुढे दुसऱ्या कुठल्या भूमिकेत तो दिसला तरी मी जरा सावरून बसायचो.

सायकलची काय भानगड आहे? मधूनच कुणाच्या तरी दारात सायकल दिसते.

डॅफ्नी सायकलवरून फिरायची. अत्याचारानंतर तिची सायकल हरीच्या घरासमोर सापडते. म्हणजे हरी गुन्हेगार, हा पुरावा! ती तिथे मेरिकने ठेवली. त्यानंतर वर्षानुवर्षं मेरिकच्या मागे हा ससेमिरा लागतो. टेडीच्या लग्नाला निघालेल्या गाडीवर दगड येतो, आणि मेरिक असेल त्या गावी कधी तरी दारात एक बायकी सायकल उभी दिसते. कुणी ठेवली ते दिसत नाही. ना चिठ्ठी ना धमकी. साधी सायकल, स्टँडवर लावलेली. आम्ही विसरलेलो नाही, एवढाच निरोप.

बीबीघर म्हणजे कानपूरचंच ना?

नावाचा पडसाद तिथलाच आहे. १८५७ च्या जुलैमध्ये कानपूरच्या बीबीघरात इंग्रज बायका-मुलांची कत्तल झाली आणि तिचा ठपका नानासाहेब पेशव्यांवर आला. आपण नानासाहेबांकडे पेशव्यांचा वारस म्हणून पाहतो, इंग्रजांच्या दोन-तीन पिढ्यांनी राक्षस म्हणून पाहिलं. ‘बीबीघर’ हा शब्द उच्चारला की साहेबाच्या अंगावर काटा यायचा. स्कॉटने बागेला हे नाव दिलं ते त्यासाठीच. मयापूरचे इंग्रज १९४२ मध्ये राहतात, पण भितात १८५७ ला. तसंच पंकोटच्या म्हाताऱ्या मेबल लेटनचं. जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी विलायतेत वर्गणी निघाली, २६ हजार पौंडांच्या वर जमली. पंकोटच्या मडमाही त्यात होत्या. मेबलने मात्र आपले पैसे मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी पाठवले. हे तिला आयुष्यभर कुणी माफ केलं नाही.

एका इंग्रज मुलीवरचा अत्याचार हाच कथेचा गाभा का? आपल्या लोकांचं काय?

आक्षेप रास्त आहे. सलमान रश्दींनी १९८४ मध्येच तो जोरात घेतला होता. गोऱ्या स्त्रीवर काळ्या पुरुषांचा अत्याचार ही साम्राज्याची फार जुनी भीती आहे, आणि तीच रूपक म्हणून वापरली की भारतीय माणसं आपल्याच इतिहासात मागच्या रांगेत जाऊन बसतात, असा त्यांचा रोख. त्या दोन-तीन वर्षांत ब्रिटनमध्ये जुन्या हिंदुस्थानच्या आठवणींचा पूरच आला होता, तोही त्यांना खटकत होता.

मराठी वाचकाला इथे चिमूर आठवावं. तोच महिना, ऑगस्ट १९४२. चंद्रपूरकडच्या चिमूर गावात १६ तारखेला उठाव झाला, सरकारी अधिकारी मारले गेले, मग सैन्य आलं आणि गावातल्या बायकांनी सैनिकांविरुद्ध बलात्काराच्या तक्रारी केल्या. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी दीर्घ उपोषण केलं. या खऱ्या ऑगस्टवर १४ भागांची मालिका कुणी काढली नाही. रश्दींशी मी इथपर्यंत सहमत आहे.

पुढे नाही. मालिका साम्राज्याच्या गळ्यात गळा घालून रडते, असं मला वाटत नाही. दुसऱ्याच भागापर्यंत तिने साहेबाच्या न्यायाचे कपडे उतरवलेले असतात. हत्ती, मिरवणुका, टेनिस हे सगळं आहे, आणि काही प्रेक्षक त्यासाठीच बसले असतील. पण ज्याने हरीची तुरुंगातली जबानी पाहिली, त्याला ‘किती छान दिवस होते’ म्हणवणार नाही.

कुठली जबानी?

१९४४ मध्ये कॅप्टन नायजेल रोवन तुरुंगात जाऊन हरीची चौकशी करतो. हा रोवनही चिलिंगबरोचाच विद्यार्थी! जाळीआड डॅफ्नीची काकू लेडी मॅनर्स बसून ऐकतेय, हे हरीला माहीत नाही. डॅफ्नीने त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की त्या रात्री आपण भेटलोच नाही असं सांगायचं. इतक्या छळानंतरही तो ते पाळतो. आणि अखेरीस त्याला कळतं, की डॅफ्नी बाळंतपणात केव्हाच गेली. एक खोली, एक टेबल, तीन-चार माणसं. मालिकेतला सर्वांत जड तास हाच, आणि त्यात कुणी आवाजही चढवत नाही.

‘जिफ’ म्हणजे काय? आझाद हिंद सेनेचा संबंध कुठे येतो?

जपान्यांना मिळालेल्या भारतीय सैनिकांना इंग्रज अधिकाऱ्यांनी दिलेलं ते हेटाळणीचं नाव. आपल्या शब्दांत आझाद हिंद सेना. युद्धानंतरच्या भागांत हा प्रश्न फार ताकदीने येतो. टेडी मरतो तो पलटणीच्या मायेपोटी. शत्रूला मिळालेले आपल्या पलटणीचे शिपाई जंगलात आहेत, त्यांना पलटणीच्या नावाने साद घातली की परत येतील, असं या भाबड्या साहेबाला वाटतं. ‘मीच तुमचा मायबाप’ या भ्रमाचा याहून कडू शेवट पाहिला नाही.

मग हवालदार करीम मुझफ्फर खान. बापाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला, स्वतः कर्नल लेटनच्या हाताखालचा. कैदेत असताना जर्मनीत सुभाषबाबूंच्या फौजेत गेला. आता परत आणलाय, आणि चौकशी करतोय मेरिक. हवालदार कोठडीत जीव देतो. त्याच सुमारास काँग्रेसचे मुस्लिम नेते महंमद अली कासिम यांचा थोरला मुलगा सय्यदही आझाद हिंद सेनेतून पकडलेला असतो. बाप गांधींबरोबर तुरुंगवास भोगलेला, पण फौजेची शपथ मोडणं त्याला पटत नाही. पुढे लाल किल्ल्यातला खटला नोव्हेंबर १९४५ मध्ये सुरू झाला, मुंबईचे भुलाभाई देसाई आरोपींच्या बाजूने उभे राहिले आणि देशाने निकाल मनातल्या मनात आधीच दिला. पण घराघरांत काय चाललं होतं? बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना त्याच युद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, घाडग्यांना मरणोत्तर. एकीकडे ते, दुसरीकडे लाल किल्ल्यातले आरोपी. इमान नक्की कुणाशी ठेवायचं, यावर तेव्हा खेड्यापाड्यांतून वाद झाले असतील. मालिका त्या वादात उतरते, हे तिचं मोठं श्रेय.

सुझन बाळाभोवती जाळ का लावते?

सुझन ही टेडीची बायको. तो गेल्यावर तिचं मन ढासळतं. लहानपणी तिने विंचवाभोवती आगीचं कडं करून पाहिलेलं असतं. विंचू आगीत सापडला की स्वतःलाच नांगी मारून घेतो, अशी समजूत. प्रत्यक्षात तो उष्णतेने आक्रसतो, नांगी आपोआप वळते. ती बाळाला त्या कड्यात ठेवते. बाळ वाचतं. पण चारी बाजूंनी वेढलेले इंग्रज म्हणजे तोच विंचू, हे न सांगताच कळतं.

बार्बीच्या खिडकीतून दिसणारे ते मनोरे कसले?

पारशांचे दोखमे, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवायचे मनोरे. मलबार हिलवरच्या झाडीआडचे आपल्याला माहीत आहेत. बार्बी बॅचलर ही निवृत्त मिशनरी शिक्षिका. बडबडी, भाबडी, पंकोटच्या मडमांनी अंगणात टाकलेली. तिच्याकडे एक चित्र असतं. सिंहासनावर व्हिक्टोरिया राणी आणि तिला रत्न अर्पण करणारा हिंदुस्थान. मालिकेचं नाव त्यावरून. बार्बीला ते नेहमी अपुरं वाटतं, कारण त्यात सगळे आहेत, फक्त अनाम माणूस नाही. शेवटी ती रुग्णालयात मुकी होते, खिडकीतून गिधाडं पाहत बसते, आणि मरते तो दिवस ६ ऑगस्ट १९४५. हिरोशिमा. युद्धाचा सगळ्यात मोठा स्फोट स्कॉटने एका एकाकी म्हातारीच्या खिडकीत आणून ठेवला. पेगी अ‍ॅशक्रॉफ्टने तेव्हा पंचाहत्तरी गाठत आणली होती.

महाराष्ट्राशी काही संबंध?

ओढूनताणून नाही, तीन खरे आहेत. स्कॉट १९४३ मध्ये भारतात आले ते प्रशिक्षणार्थी अधिकारी म्हणून बेळगावला. छावणी, क्लब, पलटण हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. दुसरा, युद्ध संपतानाचे भाग मुंबईत घडतात; महाराणीच्या घरची ती पार्टी आठवा. तिसरा माझा लाडका. कासिम यांचा धाकटा मुलगा अहमद, त्याचं काम करणारा डेरिक ब्रांच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथे पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता, त्यात तो होता, आणि पियानोवर फारूख बलसारा. पुढे जगाने ज्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं तो.

बाकी ओळखीचे चेहरे भरपूर. लेडी चॅटर्जी म्हणजे झोहरा सेहगल, नबाब सईद जाफरी, सिस्टर लुडमिलाच्या आश्रमातले डिसोझा म्हणजे ओम पुरी.

रेल्वेचा प्रसंग मुलांना दाखवावा का?

लहान मुलांना नको. ऑगस्ट १९४७, मिरतहून निघालेली गाडी. पहिल्या वर्गाच्या डब्यात इंग्रज मंडळी आणि त्यांच्यात एकटा मुसलमान, अहमद. गाडी अडवली जाते, बाहेरून दार ठोठावलं जातं. अहमदला कळतं कुणाला शोधताहेत ते. तो कुणाला काही न सांगता, अगदी सभ्यपणे उठतो आणि दार उघडून बाहेर पडतो. आतले सगळे वाचतात. नंतर फलाटावर सुझनची बहीण सारा लेटन नळावरून पाणी भरभरून जखमींना पाजत राहते, कारण दुसरं काही तिच्या हातात नसतं.

फार संथ आहे का?

हो.

स्कॉटला हे सगळं सुचलं कुठून?

१९६४ मध्ये ते भारतात परत आले आणि युद्धात त्यांच्या हाताखाली असलेल्या एका हवालदाराकडे, आंध्रातल्या खेड्यात, पाहुणे म्हणून राहिले. जुना दोस्ताना, आग्रहाचं बोलावणं, यजमानाने हौसेने केलेला पाहुणचार. पण आता साहेब पाहुणा, आणि हवालदार घरधनी. पुरोगामी विचारांच्या स्कॉटना तिथे गुदमरल्यासारखं झालं. आपल्या आत दडलेला जुना साहेब डोकं वर काढतोय, हे त्यांचं त्यांनाच दिसलं. परत गेल्यावर त्यांनी चार कादंबऱ्यांतली पहिली लिहायला घेतली. मैदानावरचा कॉलिन त्यांनी कुठून आणला असेल, हे मग विचारावं लागत नाही.

हरीचं पुढे काय होतं? शेवट अर्धवट वाटतो.

चार्ल्स डान्सने केलेला गाय पेरन आठवा. तो दहाव्या भागापासून येतो. इतिहासाचा अभ्यासक, मुद्दाम सार्जंट राहिलेला, आणि तोही चिलिंगबरोचा. त्याला शाळेतल्या कूमरची फलंदाजी आठवते. म्हणजे कॉलिन, रोवन, पेरन, तिघे एकाच शाळेचे, आणि तिघांपैकी ज्याची हरीशी मैत्री सर्वांत कमी, तोच त्याला शोधत निघतो.

पेरनला वर्तमानपत्रात एक लेख सापडतो, खाली टोपणनाव ‘फिलोक्टेटस’. ग्रीक पुराणातला धनुर्धर. जखम चिघळली म्हणून सोबत्यांनीच त्याला बेटावर टाकून दिलं. लेखात दूरच्या उन्हाळ्यांची, वेगळ्या झाडांच्या सावलीची आठवण आहे. पेरन लिहिणाऱ्याला ओळखतो. रानपूरच्या गल्लीबोळांतून हरीच्या खोलीपर्यंत जातो. हरी शिकवण्या करून पोट भरतोय, आणि त्या वेळी तो बाहेर गेलेला असतो. पेरन वाट पाहू शकला असता. तो चिठ्ठी ठेवून निघतो.